तीन महिन्यांचं कार्ड

ता. १४ जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी वहिनी मला ओरडून सांगते, म्हणजे चारही मजल्यांना कळतं. छत्तीस वर्षं लिफ्टच्या मशीन रूममध्ये मोटारीशेजारी उभा राहिलो, कान गेले त्यात नवल नाही. पण हे दुखणं चारही मजल्यांना कळायला नको. म्हणून पत्र.

परवा बारा तारखेला पहिलं इंजेक्शन झालं. तू बजावलं होतंस तशा आधीपासून त्या गोळ्या घेत होतो, एकही चुकवली नाही. सुई चांगली जाड असते. पोटाच्या कातडीखाली औषधाचा एक दाणा सोडतात आणि तो बारा आठवडे हळूहळू विरघळत राहतो. मुंगी चावल्यासारखं होईल असं सिस्टर म्हणाल्या. एवढी मोठी मुंगी मी अजून पाहिलेली नाही.

डॉक्टरांनी नीट समजावलं. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर पोसला जातो, हे इंजेक्शन तो पुरवठाच तोडतं. मेन स्विच बंद करण्यातला प्रकार. पाठीच्या एका मणक्यावर डाग आहे, तोही आटोक्यात राहील म्हणाले. त्या हॉस्पिटलच्या दोन्ही लिफ्ट मीच बसवल्या, त्यामुळे सगळे ओळखतात. सहाव्या, म्हणजे कॅन्सरच्या मजल्याचं बटण दाबलं की लिफ्टमन हल्ली माझ्याकडे न बघता छताकडे बघतो.

जुन्या सामानात कंपनीची कोरी सर्व्हिस कार्डं सापडली. त्यातलं एक कपाटाच्या दाराला आतून टांगलं आहे. तारीख, काम, सही. पुढची तारीख सहा एप्रिल. तीन महिन्यांची सर्व्हिसिंग मी जन्मात चुकवली नाही, हीही चुकवणार नाही.

माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा


ता. २५ जानेवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग डोळे पुसले. दुपारी वॉर्डात पेशंटच्या समोर दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून औषधांच्या खोलीत जाऊन वाचलं.

तुझं कार्ड मला फार आवडलं. आमच्याकडे बायका तारखा कॅलेंडरवर लिहितात आणि कॅलेंडर रद्दीत जातं. आता माझं ऐक. बारा आठवडे म्हणजे बारा आठवडे. एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर आभाळ कोसळत नाही, पण महिना लांबवायचा नाही. त्या गोळ्या कशासाठी होत्या सांगते. पहिल्या इंजेक्शननंतर हार्मोन आधी उसळी घेतं आणि मग खाली येतं. त्या उसळीत मणक्याचा डाग सुजू नये म्हणून आधी गोळ्या. आता त्या कधी बंद करायच्या ते डॉक्टर सांगतील, तू ठरवायचं नाहीस.

हाडं ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम घे आणि रोज चाल. साखर आणि रक्तदाब तपासत राहा. दर वेळी सुई पोटाच्या दुसऱ्या बाजूला द्यायला सांग. अंगातून गरम वाफा निघतील, घाम फुटेल, मग वहिनीला दहा वर्षांपूर्वी काय होत होतं ते तुला कळेल. तेव्हा तू पंखा बंद करायचास, आठवतंय ना? ती आता सूड उगवणार बघ.

आणि लिफ्ट चालतेय म्हणून सर्व्हिसिंग टाळणाऱ्या सोसायट्यांना तू काय काय शिव्या घालायचास ते मी विसरलेले नाही. रक्तातला कॅन्सरचा आकडा चांगला आला की स्वतःलाही त्याच शिव्या घाल.

टिल्लूचं पत्र आलं होतं. तुझ्या दुखण्याचं मी त्याला कळवलं आहे, रागावू नकोस. तो तुझा मुलगा आहे.

अशीच पत्रं येत राहोत.

तुझी,
चिमणी


ता. १६ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सहा तारखेला दुसरं इंजेक्शन घेतलं. कार्डावर सही केली. रक्तातला तो आकडा, जो आधी तीन अंकी होता, तो आता जवळजवळ शून्य आहे. डॉक्टर खूश आहेत. त्यांचं काय जातंय खूश व्हायला.

मी खूश नाही. दिवसातून आठ-दहा वेळा अंगाची भट्टी होते. तुझी वहिनी पंखा बंद करत नाही, उलट ओला टॉवेल आणून देते. त्याने जास्त वाईट वाटतं. छाती बाईसारखी भरायला लागली आहे, शर्ट सैल शिवून घेतले. कंपनी अजून अधूनमधून सल्ल्याला बोलावते. परवा एका इमारतीत ब्रेकचा नट सैल करायचा होता, माझ्या हाताने होईना. कालच्या पोराने पाना घेऊन एका झटक्यात केला आणि मला म्हणाला की काका, तुम्ही बसा. मी बसलो आणि मला रडू आलं. चिमणे, मशीन रूममध्ये, चार माणसांसमोर. डोळ्यांत ग्रीस गेलं असं सांगितलं.

बाकी ज्या गोष्टी बहिणीला लिहायच्या नसतात त्या लिहीत नाही. पण माणूस म्हणून मी संपलो आहे, पुरुष म्हणून तर केव्हाच.

टिल्लूला कशाला कळवलंस? ज्याने न जाता कार्डावर सही केली त्याला बापाच्या कार्डाशी काय करायचं आहे? सात वर्षांत मी ते नाव काढलेलं नाही. तूही पत्रात काढू नकोस.

तब्येतीला जप, माझ्यावरचा राग आवर.

तुझा,
दादा


ता. २८ एप्रिल

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रडू येणं हा त्या औषधाचा गुण आहे, तुझा नव्हे. हार्मोन गेलं की मनही हळवं होतं. आमच्या वॉर्डात पहिलवान रडतात. लाज वाटून घेऊ नकोस, डॉक्टरांना सांग. वाफांवर औषध आहे, छातीवर उपाय आहे, जे बहिणीला लिहायचं नसतं त्याबद्दलही ते बोलतील. काही जणांना डॉक्टर मध्ये सुट्टीसुद्धा देतात, पण ती रक्त तपासत, ठरवून. मणक्यावर डाग असलेल्याला सहसा देत नाहीत. तू मनानेच सुट्टी घ्यायची नाहीस, एवढंच मागणं आहे.

टिल्लूचं नाव मी काढणार. तेवीस वर्षांचा होता, तुझ्याच कंपनीत लागलेला. एका दुपारी पोहायला गेला आणि एका इमारतीच्या कार्डावर न जाताच सही ठोकली. लिफ्टला काही झालं नाही, कुणाला खरचटलंही नाही. तू मशीन रूममधली धूळ बघितलीस, तिच्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं, आणि ऑफिसात जाऊन पोटच्या पोराविरुद्ध लिहून दिलंस. त्याची नोकरी गेली. घरातून तो स्वतः गेला असं तू म्हणतोस. तू दाराशी त्याची बॅग ठेवली होतीस, हे वहिनीने मला सांगितलं आहे. आता तो परगावी ट्रकच्या गॅरेजमध्ये आहे, आणि दर पत्रात तुझ्या कानांची चौकशी करतो.

चूक होती, दादा. पण शिक्षा चुकीच्या मापाची होती. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा कर.

लोभात उणं येऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


ता. ३० ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही. एकोणतीस जूनचं इंजेक्शन झालं, कार्डावर सही आहे, वहिनीने पाहिली. आकडा तोच, शून्याला टेकलेला.

चांगली बातमी अशी, की हल्ली मला फार बरं वाटतं. गरम वाफा जवळजवळ थांबल्या. हातात जोर आला. परवा तोच ब्रेकचा नट मी स्वतः सोडवला आणि त्या पोराला म्हणालो की बाबा, तू बस. भूक लागते. वहिनीशी कुरबुरी पुन्हा सुरू झाल्या, म्हणजे घर रुळावर आलं. शरीराला सवय झाली असावी.

त्या दुसऱ्या विषयावर मला काही लिहायचं नाही. मापाचं तू मला शिकवू नकोस, माझं सगळं आयुष्य मापावर गेलं. लिफ्टचा तळ आणि मजला यांत बोटभर फरक राहिला तर माणूस अडखळून पडतो.

आठवण ठेवतेस हे पुष्कळ आहे.

तुझा,
दादा


ता. १० सप्टेंबर

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! वॉर्डातल्या सगळ्या मुलींना मी पेढ्यासारखी ती बातमी वाटली. नट सोडवल्याचं तर तीनदा वाचून दाखवलं. मी म्हणाले नव्हते, शरीर जुळवून घेतं?

एकवीस सप्टेंबर लक्षात आहे ना? रक्ताचा रिपोर्ट मात्र एकदा पाठव, माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे. आणि आता हातात जोर आलाच आहे तर त्याच हाताने टिल्लूला चार ओळी लिही.

तुझी माया मला पुरून उरते.

तुझी,
चिमणी


ता. २० डिसेंबर

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं साठली. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पाठ धरली आहे. एका इमारतीत जड पेटी उचलली, त्याचं आहे. मलम चोळतो. सप्टेंबरचं आणि परवा चौदा तारखेचं, दोन्ही इंजेक्शनं झाली. रिपोर्ट कुठेतरी ठेवला आहे, सापडला की पाठवतो. एकच गोष्ट दहादा विचारू नये.

टिल्लूने मला परस्पर पत्र टाकलं. भेटायला येऊ का विचारतो. मी उत्तर दिलेलं नाही. खोटी सही करणाऱ्याने माझ्यासमोर उभं राहू नये.

बरी आहेस ना?

दादा


ता. २७ डिसेंबर

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने टाकते. फोनवर तुम्ही बोलता तेव्हा दादा समोर बसलेला असतो आणि तुम्ही सगळं ठीक आहे असंच म्हणता.

त्याच्या पाठदुखीने माझा जीव थाऱ्यावर नाही. मणक्यावर डाग असलेल्या माणसाची पाठ पेटी उचलून दुखत नसते. पायांना मुंग्या येत असतील, चालताना पाय ओढत असेल, लघवी अडत असेल, तर दिवस उजाडायची वाट बघायची नाही, तासाभरात हॉस्पिटल गाठायचं. मलम, शेक, मालिश काही नाही. हे अगदी कपाटावर लिहून ठेवा.

आणि कपाट उघडून ते कार्ड एकदा बघा. सगळ्या तारखांपुढे सही आहे ना?

तुमच्यावर सगळा भार आहे. जपून असा.

तुमची,
चिमणी


ता. ११ जानेवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र नऊ तारखेला पोचलं. यांचे पाय आठ तारखेला गेले.

सकाळी उठून बाथरूमकडे निघाले आणि दाराशी खाली बसले. मला वाटलं घसरले. मी पाय धरले तर म्हणाले की कुणाचे धरतेस, मला कळत नाही. शेजारच्या दोघांनी खुर्चीत घालून नेलं. त्यांनीच बसवलेल्या लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर गेले. लिफ्टमन या वेळी छताकडे बघत नव्हता.

निघताना मी कपाटातलं कार्ड काढून पिशवीत घातलं होतं, डॉक्टरांना दाखवायला. इंजेक्शनच्या सिस्टरने रजिस्टर उघडलं आणि सांगितलं की यांचं शेवटचं इंजेक्शन सहा एप्रिलचं. त्यानंतर नाव नाही. दोनदा फोन केला होता, यांनी उचलून दुसरीकडे घेतो असं सांगितलं होतं. वन्सं, मी त्या बाईशी भांडले. सगळ्या पेशंटसमोर भांडले. कार्ड तिच्या तोंडापुढे नाचवलं. तिला म्हणाले की तुमचं रजिस्टर खोटं आहे, माझ्या नवऱ्याने आयुष्यात खोटी सही केलेली नाही, खोट्या सहीपायी यांनी पोटच्या पोराला घराबाहेर काढलंय. मग मी यांच्याकडे बघितलं. यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्या तिन्ही दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून घरून निघाले होते. परत आले तेव्हा पोटावर पट्टी होती. मी स्वतः दुसऱ्या दिवशी ती हलक्या हाताने काढली आहे. पट्टी हे बाहेरून विकत घेऊन लावत होते. वेळ कुठे काढला विचारलं, तर म्हणाले हॉस्पिटलच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये. तिथे तासभर बसायचे आणि यायचे.

मणक्याला रेडिएशन चालू झालं आहे. इंजेक्शन आता दुसऱ्या प्रकारचं देतात, आधी उसळी न मारणारं, लगेच काम करणारं. ते दर महिन्याला. पाय परत येतील असं कुणी म्हणत नाही.

मी टिल्लूला तार केल्यासारखं दोन ओळींचं पत्र टाकलं आहे. यांना विचारलं नाही. आता यांना काही विचारणार नाही.

तुमची,
वहिनी


ता. १९ जानेवारी

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुम्ही त्या सिस्टरशी भांडलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या जागी मीही भांडले असते. तिच्या जागी मात्र मी नव्हते, हेच मला खातंय.

ऑगस्टच्या पत्रात दादाने स्पष्ट लिहिलं होतं. वाफा थांबल्या, हातात जोर आला. ते इंजेक्शन अंगात असताना असं अचानक होत नाही. शिकाऊ पोरीने ओळखलं असतं की औषध उतरलंय. मी सव्वीस वर्षं हीच इंजेक्शनं देते आहे, आणि मी आनंदाने वॉर्डभर नाचले. तेव्हा एक तिकीट काढून आले असते तर तो आज चालत असता. भाऊ बरा झाला हे मला हवं होतं, म्हणून मी तपासलं नाही. सही झाल्याचं वाचलं आणि पुढे गेले.

रजा मंजूर झाली की येते. दादाला माझा राग कळवू नका. तो माझा मी आल्यावर कळवीन.

तुमची,
चिमणी


ता. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

पलंगावर फळी ठेवून लिहितो आहे. अक्षराकडे बघू नकोस.

का केलं ते तू विचारणारच. जूनमध्ये मी खरंच इंजेक्शनसाठी निघालो होतो. लिफ्टमध्ये शिरलो, सहाव्याचं बटण दाबायला बोट नेलं आणि गच्चीचं दाबलं. आकडा शून्य होता. लिफ्ट चालत होती. वाटलं, एकदा राहिलं तर काय होणार आहे. घरी येऊन कार्डासमोर उभा राहिलो, तर रकाना कोरा होता. कोरा रकाना मला आयुष्यात कधी बघवला नाही. म्हणून सही केली. मग जुलै-ऑगस्टमध्ये मी पुन्हा माणूस झालो, आणि दुसरी सही करताना काही वाटलं नाही. हे तुला खरं सांगतो, तिसरीला तर मी तारीख आधीच घालून ठेवली होती.

टिल्लू सत्तावीस जानेवारीला आला. अंगाने भरलाय, त्याला त्या नावाने हाक मारायची आता लाज वाटते. पाया पडला नाही, मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. आठ दिवस राहिला. मला उचलून बाथरूममध्ये नेलं, अंघोळ घातली, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलली. काम चोख करतो. मी केलं असतं तसंच करतो. त्याच्या आईला त्याने कूस कशी बदलायची ते शिकवलं. महिन्याच्या इंजेक्शनसाठी नवं कार्ड आखलं आणि सहीच्या रकान्यावर सिस्टर असं लिहिलं. माझ्या हाती पेन द्यायचं नाही हे त्याने मला न सांगता ठरवलं, आणि मला ते पटलं.

मी बोलायचं बरंच जुळवलं होतं. त्याच्या कानाशी बोलायला माझं तोंड पोचेना, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

काल निघताना त्याने कपाटाचं दार उघडलं. जुनं कार्ड खिळ्यावरून काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. एकेका सहीवर बोट ठेवत खाली आला. तिसऱ्या खोट्या सहीवर थांबला. मग कार्ड होतं तिथे टांगलं, बॅग उचलली, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला की माझी एकच होती.

मला ऐकू येत नाही असं तुम्ही सगळे म्हणता. तेवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तुझी माया मागायला तोंड उरलेलं नाही. तरी ये.

दादा